देवाक सांगितलेलां गाऱ्हाणां

माझो घोव सायकलीवरून मासे विकूक जाय. आचऱ्याच्या वळणार एका गाडीवाल्यान तेका मागसून उडवल्यान. पाय मोडलो. गाडीवालो थांबाक नाय. मी देवळात गाऱ्हाणां घातलंय आणि गप रवलंय.

पंधरा दिवसांनी तेची मोडकी सायकल दुरुस्तीक ढकलीत नेताना एक वकीलीणबाय स्कूटर थांबवन उतारली. काळो कोट खांद्यार, पेनाचां टोपण दातात. नाव विचारूचां रवलांच.

"आजी, हिका गाडीन मागसून ठोकल्यान ना? दुरुस्त करू नकात, ह्यो पुरावो आसा. पोलिसात सांगितलास?"

"देवाक सांगितलंय."

माका वाटलां, हसतली. ती थंयच रस्त्याच्या कडेक बसली.

"देवाक सांगितलास तसांच माका सांगा."

मी हात जोडून सांगितलंय. गाडी लाल, येळ सकाळची, वळणावरची पानवाली बघीत होती. तिणां सगळां लिवन घेतल्यान.

"हीच तक्रार, आजी. देवाक साक्षीदार नको, कोर्टाक होयो. त्या पानवालेक घेवन पोलिसात जावा. केस मी लढतंय."

दुसऱ्या दिवशी पानवालेचो हात धरून मी गेलंय.

हवालदार म्हणालो, "आजी, इतक्या दिवसांनी?"

"होय. लिवन घे."

देवळातलां गाऱ्हाणां मी पयल्यापासून सांगितलंय. हात मात्र जोडूक नाय.