मी नानांना सायकलिंगला बोलावलं

आता हे मी कुणाला सांगत नाही, पण तुम्ही घरचे आहात आणि चहा उकळायला अजून वेळ आहे. फक्त मध्येच हसू नका. शेवटी हसा.

माझं नगरला सावेडीत चष्म्याचं दुकान आहे. एवढं आधी लक्षात ठेवा, कारण माझी बायको हा किस्सा सांगते तेव्हा तिथूनच सुरुवात करते.

दर रविवारी आमचा सायकलवाल्यांचा ग्रुप बाहेर पडतो. सायकलिंगमध्ये प्रत्येकाची आवड वेगळी असते. आमच्या डॉक्टरला चढ आवडतो. शिरीषला स्वतःचे फोटो आवडतात. मला पोहे आवडतात. राईड जिथे संपते तिथले गरम पोहे, वर शेव, बाजूला लिंबाची फोड! त्यासाठी मी पहाटे उठतो. आणि नशीब बघा, ग्रुपमध्ये मी कायम शेवटचा. मी पोचतो तेव्हा मंडळी दात कोरत बसलेली असतात आणि पातेल्यात कढीपत्ता उरलेला असतो. शिरीष ते पातेलं माझ्यापुढे धरतो. "खास तुझ्यासाठी ठेवलाय," म्हणतो.

तर त्या हिवाळ्यात ठरलं, राहुरीच्या बाजूला मुळाकाठच्या एका गावी जायचं. शिरीषच्या मेव्हण्याचं गाव. नदीवरच्या देवळापाशी गावकरी आमचं स्वागत करणार होते. मांडव, स्पीकर, सत्कार, नाश्ता, सगळं.

सत्कार म्हटल्यावर माझ्या डोक्यात किडा वळवळला. या वेळी काही झालं तरी पहिला पोचायचं. शिरीषने मला आधीच येऊन बसलेलं बघायचं, आणि तेही भरलेल्या ताटलीसकट. कसं जमवलं? अगदी सोपं. सगळे सहाला निघणार होते, मी पाचलाच निघालो.

हसू नका म्हटलं ना!

शिवाय नवा काळा गॉगल चढवला. त्याला नंबर नव्हता. नंबरचा चष्मा लावला की मी सायकलपटू दिसत नाही, हिशेबनीस दिसतो. म्हणून चष्मा घरी. मला लांबचं वाचता येत नाही, पण रस्ता दिसतो. आता रस्त्यावर वाचण्यासारखं काय असतं?

असतं. गावाच्या नावाची पाटी असते.

राहुरीजवळ एका फाट्याला मी वळलो. दोन्ही बाजूंना ऊस, पुढे नदी, आणि लांबून स्पीकरचा आवाज. आवाजाच्या रोखाने गेलो तर खरंच मांडव. गाड्यांची रांग, पांढऱ्या टोप्या, एका बाजूला बायका बसलेल्या. आमच्यासारख्या दहाबारा जणांसाठी अख्खं गाव लोटलं होतं. मला गहिवरून आलं हो.

माईकमागे फ्लेक्सही होता. एका वयस्कर माणसाचा मोठा फोटो आणि खाली काही ओळी. ओळी धुरकट दिसल्या. पण आपल्याकडे फोटोशिवाय फ्लेक्स कधी बघितलाय तुम्ही? असेल कुणी पुढारी, म्हणून मी सोडून दिलं.

एक पन्नाशीचे गृहस्थ पुढे आले. त्यांना सगळे आबा म्हणत होते.

"कुठून आलं पाव्हणं?"

"नगरहून."

"सायकलवर?"

"सायकलवरच."

आबांनी सायकलीकडे पाहिलं, माझ्या घट्ट चड्डीकडे पाहिलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. "नानांसाठी एवढ्या लांबून आले तुमी. लई मोठं मन हाय."

नाना म्हणजे यजमान असणार, हे मी ओळखलं. आबांनी मला पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. पहिल्या रांगेत! मी हळूच विचारलं, "नाश्ता कधी आहे?"

आबा जरा थबकले. मग म्हणाले, "घाटावरचं उरकू द्या. मग पंगतच हाय."

पोह्यांवरून थेट पंगत. मी मांडी घट्ट घातली.

भाषणं चालू होती. माणसं बोलता बोलता मध्येच घाटाच्या पायऱ्यांकडे बघत होती. सगळ्यांचे चेहरे उतरलेले. मला वाटलं, माझ्यासारखीच उपाशी असतील. खरं सांगायचं तर माझं लक्ष भाषणात नव्हतंच, ते रस्त्याकडे होतं. शिरीष कधी येतो आणि मला कधी बघतो, एवढंच मनात.

तेवढ्यात माईकवरचे गृहस्थ म्हणाले, "नाना म्हंजी सायकल आनि सायकल म्हंजी नाना. आज त्यांच्यासाठी नगरहून सायकल चालवत आलेलं पाव्हणं दोन शब्द बोलतील."

मला आयुष्यात कुणी माईक दिला नव्हता. मी गॉगल कपाळावर सरकवला आणि सुटलो.

"एवढा सुंदर कार्यक्रम मी आजवर पाहिला नाही. माझी गावकऱ्यांना विनंती आहे, दर महिन्याला एक ठेवा. पुढच्या वेळी आम्ही आणखी माणसं आणू."

मांडवात चिडीचूप. पुढच्याच रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी पदर तोंडाला लावला. भारावलेत सगळे, असं वाटून मला आणखी चेव आला.

"नाना अजून दिसले नाहीत, पण त्यांना म्हणावं, असं कोपऱ्यात बसून चालणार नाही. पुढच्या रविवारी नानांची सायकल आमच्याबरोबर पाहिजे म्हणजे पाहिजे. मी स्वतः न्यायला येतो. हा माझा शब्द."

टाळ्यांसाठी मी थांबलो. टाळ्या नाहीत. घाटावरून कुणीतरी ओरडलं, "शिवला! शिवला!"

अख्खा मांडव उठून घाटाकडे धावला. मी एकटा माईकपाशी उरलो. सहज मागे वळलो, तर फ्लेक्स हाताच्या अंतरावर. एवढ्या जवळून तर मला मुंगीही वाचता येते. वर लिहिलं होतं, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली, 'दशक्रिया विधी'.

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? मी गॉगल पुन्हा डोळ्यांवर ओढला.

नंतर आबांकडून कळलं ते असं. सकाळपासून पिंडाला कावळा शिवत नव्हता. नातवाचं लग्न थाटात करतो, विहिरीचं काम पुरं करतो, म्हातारीला अंतर देत नाही, घरच्यांनी सगळे शब्द देऊन पाहिले. कावळा आपला चिंचेवर. आणि मी सायकलीचा शब्द दिला, तसा तो खाली उतरला.

माणसं येऊन मला मिठ्या मारायला लागली. "नानांचा जीव सायकलीत अडकला हुता," आबा डोळे पुसत म्हणाले. "तुमी मोकळा केला."

इतक्यात शिरीषचा फोन. "अरे, आहेस कुठे? इथे सत्कार झाला, पोहे संपले, आम्ही परत निघालो. चुकून शेजारच्या गावात तर नाही ना शिरलास?"

माझ्याने राहवेना. मघाच्या त्या म्हाताऱ्या बाई म्हणजे नानांची बायको, सगळ्यांची नानी. मी त्यांच्यापुढे जाऊन बसलो आणि म्हणालो, "नानी, माफ करा. मला वाटलं आमच्या स्वागताचा कार्यक्रम आहे."

नानी शांतपणे म्हणाल्या, "मला कळलं हुतं. दहाव्याला आलेला मानूस नाश्ता कधी हाय म्हनून इचारत न्हाई."

जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. नानींनी माझ्या हातावर हात ठेवला.

"दिवस उगवल्यापासून माझा जीव टांगनीला लागला हुता. काय ऱ्हायलं आसंल ह्यांचं, मलाबी कळंना. तुमी चुकून का हुईना, बोलले. आता शब्द दिलाय तेवढा पाळा."

पुढचा रविवार. मी एसटीने त्या गावी गेलो. नानांची सायकल पुसून ठेवलेली. काळी, उंच, मागे लोखंडी कॅरिअर, आणि वजनाला म्हशीएवढी. नानींनी तिच्या हँडलला हळदकुंकू लावलं आणि मी निघालो. राहुरीत ग्रुप भेटला, तिथून मुळा धरणापर्यंत जाऊन यायचं होतं. रस्त्याने जुनी माणसं सायकल ओळखून हात जोडत होती. सायकलीला, मला नव्हे. चढ आला की मी उतरून ती ढकलत होतो. ग्रुप कधीच पुढे गेला. कुणी हसलं मात्र नाही, शिरीषसुद्धा नाही. सायकल तशी होती, दुसरं कोण काय करणार, असं मी स्वतःलाही समजावलं.

सायकल परत पोचवली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. नानी दारातच बसून होत्या. मी घाम पुसत म्हणालो, "सायकल फार जड आहे हो, नानी. म्हणून उशीर झाला."

नानींनी एकदा सायकलीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"व्हय. जडच हाय. त्यात ह्यांच्या मागं कॅरिअरवर मीबी असायची. तरी धरनावरनं आमी जेवायला घरी असायचो."

नाना तर आता या जगातही नव्हते. तरी मीच मागे!