मटार सोलताना लागलेली चाल

साहेबांची बदली दिल्लीला झाली तेव्हा बाईंच्या सामानाबरोबर मीही आलो. सामान कामाला आलं, मी स्वयंपाकघरात राहिलो. हे मी सांगतोय आणि माझी मुलगी लिहून घेतेय, कारण मला लिहिता येत नाही. गप्प बसताही येत नाही, त्यानंच घात केला.

लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये तेव्हा मोठमोठे लोक यायचे. तीन नावाजलेल्या चित्रकारांनी बाईंना समोर बसवून चित्रं काढली. एक जण म्हणायचा, बाई गुणगुणल्या नाहीत तर माझा हातच चालत नाही. त्याच्या चित्रात ट्रे घेऊन मीही होतो. नंतर त्यानं माझ्यावर पडदा रंगवला. चित्र सुधारलं, असं सगळे म्हणाले.

पण बाईंचं खरं काम चाली लावायचं. एका थंडीत आम्ही दोघं मटार सोलत बसलो होतो. बाईंनी एक ओळ गुणगुणली, थांबल्या, परत घेतली आणि शेवटचा सूर वर नेऊन तसाच सोडला.

"कसं वाटतं रे?"

"बाई, कुणी चार जिने चढून आलं आणि दाराला कुलूप, असं वाटतं."

"हां. तसंच हवंय मला."

घरात तिसरं कुणी नव्हतं.

आठवड्यानं एक मोठा गायक आला आणि वा-वा करत ती चाल घेऊन गेला. गाणं खूप गाजलं. संगीतकार म्हणून नाव त्याचंच. बाई म्हणाल्या, "विसरला असेल." पुढं कित्येक वर्षं हेच म्हणत राहिल्या.

साहेब गेले, बाई गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये आल्या, मीही आलो. गायकही वारला. मग कळलं की एक कंपनी ती जुनी गाणी नव्यानं काढतेय. बाई म्हणाल्या, "मला बाकी काही नको रे. त्या एका गाण्याखाली माझं नाव येऊ दे."

कागद नव्हता. साक्षीदार एकच, मी.

करोल बागेतल्या कंपनीच्या ऑफिसात बाईंना घेऊन मी साहेबांचा कोट घालून गेलो. बाह्या बोटांपर्यंत. कंपनीच्या माणसाला सगळं सांगितलं, मटार, चार जिने, कुलूप. त्यानं शांतपणे ऐकलं आणि फोन माझ्यासमोर धरला.

"अंकल, ये आप ही हैं ना?"

मीच होतो. कॉलनीच्या गणपतीतला माझा आयटम. टोपी उलटी घालून माइकवर ओरडत होतो, "ऐका हो! ही चाल माझी! मटार सोलताना मला सुचली, गायकानं पळवली!" पुढं तेच चार जिने, तेच कुलूप. लोक लोळत होते. बाईंचं नाव घेऊन सांगायचो तेव्हा कुणी ऐकायचं नाही. माझं घातलं आणि टाळ्या पडल्या. मग दर वर्षी तेच.

"हमने ट्रान्सलेट करवाया है," तो म्हणाला. "उसमें आपने बनाई, इसमें मैडम ने. मज़ाक कौन सा वाला है?"

"वो मज़ाक था. ये सच है."

खरं कोणतं ते शोधत त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि हसला. लोकांना हसवायला मी जन्मभर धडपडलो, हा असाच हसला.

"सॉरी मैडम," तो बाईंना म्हणाला आणि चहा मागवला. चहा कुणीच घेतला नाही.

परतताना मेट्रोत मी म्हटलं, "बाई, मला हाकलून द्या."

"कुठं जाशील गाढवा? पुढच्या रांगेत बसून मीच टाळ्या वाजवत होते की."

यमुना ओलांडल्यावर हळूच म्हणाल्या, "खरं सांग हं. ती चाल मीच लावली होती ना? इतकी वर्षं झाली, आता माझंच मला..."

"तुम्हीच, बाई! देवाशप्पथ तुम्हीच!"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या कंपनीवाल्यानं पाहिलं होतं, अगदी तसंच.