हर्षलाची खूण

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशीही नाही. तुमच्यापाशी का बोलतेय — ठाऊक नाही.

बोईसरच्या एका छोट्या कंपनीत हर्षला आणि मी शेजारी बसायचो. ती माहीमची, कोळ्यांची. तिच्या डब्यातली सुकटीची चटणी अर्धी माझीच असायची. आम्ही कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायचो. माहितीचा आराखडा काढला की त्यावरून कोड आपोआप तयार व्हायचा, आणि पुढे डेटाबेस मंदावला तर तीच सिस्टिम त्याला वेगही द्यायची. माहिती चटकन सापडावी म्हणून शोधसूच्या ठेवलेल्या असतात; जे कुणी शोधत नाही त्याची सूची सिस्टिम स्वतःच काढून टाकायची, म्हणजे बाकीचं काम हलकं. कल्पना हर्षलाची. हुशार होती ती — आहे.

तारापूरच्या एका केमिकल कारखान्याची गेटवरची हजेरी आमच्याकडे होती. ‘आत्ता आत कोण आहे’ ही यादी अपघात झाला तरच लागते, एरवी कोण मागणार? म्हणून हर्षलाने आराखड्यात तिथे मुद्दाम खूण केली होती — ही सूची पडून राहिली तरी काढायची नाही.

ती खूण... प्रत्येक हजेरीला ती सूचीही नव्याने भरली जायची, त्यात वेळ जायचा; सकाळी पाळी बदलताना गेटवर रांग लागायची हो. साहेब रोज ओरडायचे. हर्षला रजेवर होती.

खूण मी काढली.

सिस्टिमने सूची उडवली, रांग झरझर सरकायला लागली, साहेबांनी सगळ्यांसमोर मला शाबासकी दिली. हर्षलाला सांगायचं राहून गेलं — असं म्हणू का? नाही. ती शाबासकी मला एकटीला हवी होती.

मग एका दुपारी तिथे वायुगळती झाली. आत कोण राहिलंय म्हणून यादी मागितली, तर सूची नव्हती, सिस्टिम सगळ्या नोंदी एकेक चाळत बसली, स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत राहिलं. सगळे बाहेर आले असंच लोकांना वाटलं. यादी उमटली तेव्हा कळलं, काशिनाथ आतच आहे. मनोरकडचा कंत्राटी कामगार. तोवर तो गेला होता.

आम्ही दोघी एकाच लॉगिनने काम करायचो. आराखडा हर्षलाचा, म्हणून चूक तिची ठरली. मीटिंगमध्ये ती माझ्याकडे वळली, “मी खूण केलेली ना गं?”

मी खाली बघत राहिले. एक ‘हो’ म्हणायला किती वेळ लागतो?

तिची नोकरी गेली. पुन्हा कॉम्प्युटरसमोर ती बसलीच नाही.

मध्यंतरी माहीमला गेले होते. हर्षला अंगणात आईबरोबर बोंबील निवडत होती. काशिनाथच्या बायकोची माफी मागून आले, म्हणाली. एकटीच गेली होती. त्या बाईने नुसतं पाणी दिलं.

“मीच विसरले असन खूण करायला,” हर्षला म्हणाली. “नाय तर अशी कशी जाईल? तुला काय वाटतं?”

मी म्हटलं, “असेल गं.”

तिने हात धुतले आणि मला जेवायला वाढलं. मी जेवले.