पाया पोर्तुगीज आहे

"सरळ कुठे निघालात?" असं म्हणून ते माणसाच्या कोपराला दोन बोटं लावायचे. ओढायचे नाहीत, ढकलायचेही नाहीत. नुसती दोन बोटं, आणि पुढच्याच क्षणी तुम्ही नौपाड्याचा मोठा रस्ता सोडून कुणाच्या तरी मागच्या दारी, वाळत घातलेल्या चादरींखालून वाकून चाललेले असायचात. तुम्हाला स्टेशन गाठायचं असेल, बायकोनं दळण आणायला सांगितलं असेल, त्याच्याशी त्यांना कर्तव्य नसे.

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. ज्या गावात जन्मले ते गाव दुसऱ्याला दाखवल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. आमच्या यांच्यात एक जास्तीची गंमत होती. जे माहीत नसेल तेही ते दाखवायचे.

वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत मी ड्राफ्ट्समन म्हणून लागलो, तेव्हा ते तिथे टाइमकीपर होते. ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. गेटला लागून एक खोली होती, तिथे बसून कामगारांची कार्डं बघायची, हे त्यांचं काम. उंच, सडपातळ, कडक इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि बारा महिने हातात छत्री. पावसाशी त्या छत्रीचा फारसा संबंध नव्हता. ती दाखवायची काठी होती. बोलणं एकदम छापील. 'तथापि' हा शब्द मी माणसाच्या तोंडून पहिल्यांदा त्यांच्याकडूनच ऐकला.

मी मूळचा सांगलीकडचा, राहायला डोंबिवलीत. ठाणं म्हणजे माझ्या लेखी स्टेशन, बसस्टॉप आणि कंपनी. हे मी एकदा जेवणाच्या सुट्टीत बोलून गेलो. त्यांनी डबा बंद केला.

"डोंबिवलीकर, रविवारी सकाळी जांभळी नाक्यावर या. चपला नकोत, बूट घाला."

त्या रविवारी गेलो, तो पुढे कित्येक रविवार जात राहिलो.

त्यांच्या इतिहासाचे दोन कप्पे होते. दगडावर कोरीव काही असेल तर तो दगड शिलाहारांचा. भिंत जाड असेल तर ती पोर्तुगीजांची. एवढ्यावर सगळं ठाणं बसत असे. खारकर आळीत एका घरासमोर उभे राहून ते छत्रीनं खिडक्या दाखवत होते, तेव्हा घरमालक दात घासत बाहेर आले आणि म्हणाले, "अहो, हे घर माझ्या वडलांनी बांधलंय. मी स्वतः विटा उचलल्यात."

"वरचं झालं हे," हे शांतपणे म्हणाले. "पाया पोर्तुगीज आहे."

मालक खाली जमिनीकडे बघत राहिले. महिन्याभरानं आम्ही पुन्हा तिथून गेलो, तर तेच गृहस्थ आपल्या पाहुण्यांना ओट्यावर उभं करून सांगत होते, की वरचं आमच्या वडलांचं, पण पाया पोर्तुगीज आहे. यांनी मला कोपरानं हळूच ढोसलं आणि जणू काही ऐकलंच नाही अशा चेहऱ्यानं पुढे चालू लागले.

एकदा तर त्यांनी आम्हाला मासुंदा तलावाकडे जायची जवळची वाट म्हणून एका बोळात घातलं आणि तो बोळ संपला तो थेट एका साखरपुड्यात. माझ्याबरोबर आमच्या स्टोअरचा एक नाशिककर होता. आम्ही दोघं मागे फिरणार, एवढ्यात वधूच्या काकांनी आम्हाला वराकडचे समजून पाट मांडले. हे बसले, पोहे घेतले, मुलीला आशीर्वाद दिला, तुळयांकडे बघून दोन शब्द बोलले आणि पुढच्या दारानं आम्हाला बाहेर काढून म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं, वाट आहे?"

पण एका ठिकाणी मात्र ते जात नसत. स्टेशनच्या मागच्या अंगाला, खाडीकडे उतरणारा कोळीवाडा. देवळं झाली, चर्च झालं, टेंभी नाका झाला, की कोळीवाड्याच्या तोंडाशी येऊन ते छत्री दुसऱ्या हातात घ्यायचे आणि वळायचे.

"तिकडे काही नाही. मासळीचा वास फक्त."

ते स्वतः त्या कोळीवाड्यातले आहेत, हे त्यांच्या आडनावावरून कंपनीत सगळ्यांना कळत होतं. आता ते नौपाड्यात ब्लॉक घेऊन राहत होते. छापील बोलणं, इस्त्रीचा शर्ट. आम्ही काय समजायचं ते समजलो होतो. नाशिककर एकदा म्हणालाही, "साहेबांना वासाची लाज वाटते." मीही हसलो होतो.

माझं लग्न झालं आणि बायकोला ठाणं दाखवायचं ठरलं. ती मालवणकडची. सकाळभर तिनं शिलाहार आणि पोर्तुगीज मुकाट्यानं ऐकून घेतले. कोळीवाड्याच्या तोंडाशी आल्यावर मात्र ती थांबली.

"इथे खाडीची कोलंबी मिळत असेल ना हो?"

"मार्केटात घ्या, वहिनी. तिकडे काही नाही."

"वास येतोय म्हणजे काहीतरी आहेच की," असं म्हणून ती सरळ आत चालू लागली. मासे दिसले की तिला कुणी अडवू शकत नाही, हे मला पुढे आयुष्यभर कळत गेलं. यांना ते त्या दिवशी कळलं.

ते तोंडाशीच उभे राहिले. ऊन नव्हतं तरी त्यांनी छत्री उघडली. मग मिटली आणि आमच्या मागून आले. घरं ठेंगणी, ओट्यांवर जाळी पसरलेली, दोऱ्यांवर बोंबील. कुणीतरी त्यांच्याकडे बघितलं, कुणीतरी आत जाऊन कुणाला तरी बोलावून आणलं. एवढी शांतता त्यांना सोसेना, म्हणून असेल, त्यांनी वाटेत पुरलेल्या एका लोखंडी खांबाकडे छत्री केली. दोर घासून घासून त्याच्या गळ्याला खाच पडली होती.

"ही तोफ बघा, वहिनी. पोर्तुगीज. उलटी पुरलेली आहे."

"तोफ नाय ती."

आवाज बाजूच्या ओट्यावरून आला. तिथे एक वयस्कर माणूस जाळं शिवत बसला होता. मान वर न करता तो म्हणाला, "पाण्याचा नळ हाय. बापसानं भंगारातून आणलेला, होडी बांधायला."

आता पाया निघणार, म्हणून मी वाट बघत होतो. तो निघाला नाही. मी कधीच न ऐकलेल्या आवाजात ते म्हणाले, "भंगारातून नाय. बापसाला गोदीवाल्यानं दिलेला. मी संगती होतो."

"तू रांगत होतास तवा."

"मी चौथीत होतो. पुढचं टोक मी धरलेलं."

"आनि मागचं?"

जाळ्यातली सुई थांबली.

"तू," हे म्हणाले.

तो त्यांचा थोरला भाऊ होता. दोघं एकमेकांशी कित्येक वर्षं एक शब्द बोलले नव्हते, हे मला मागाहून कळलं. त्या क्षणी एवढंच दिसलं, की घरातून एक बाई पदराला हात पुसत बाहेर आली, दोघांकडे तिनं आळीपाळीनं बघितलं आणि माझ्या बायकोला म्हणाली, "आत ये गो बाय, कोलंबी देते." बायको आत गेली. मी जावं की थांबावं ते न कळून खांबाला टेकून उभा राहिलो.

"एवढी वर्सं उंबऱ्याला पाय नाय लावलास," थोरला म्हणाला.

"बापसाला मसणात घेऊन गेलात. माझी वाट नाय बघितली."

"मानूस पाठवलेला."

"कोण आला? कोणी नाय आला."

"शेजारचा गेलेला, रिक्षा करून, तुझ्या कंपनीत. गेटवरचा बोलला, असा कोनी इथं कामाला नाय." थोरल्यानं आता पहिल्यांदा मान वर केली. "आमी तरी सांज होईपर्यंत थांबलो. मंग वाटलं, घरातनं कामाला म्हनून निघतोस नि जातोस दुसरीकडंच. बापूस गेला तरी तुझा पत्ता नाय."

यांनी छत्री ओट्याला टेकवून ठेवली. मग विचारलं, "नाव काय विचारलं त्यानं?"

थोरल्याला प्रश्नच कळेना.

"गेटवर. नाव कोणतं सांगितलं माझं?"

"धाकलू," थोरला म्हणाला. "दुसरं काय सांगनार?"

कंपनीत त्यांना आडनावापुढे 'साहेब' लावून हाक मारत. पगाराच्या पाकिटावर आद्याक्षरं होती. धाकलू नावाचं कोणी तिथे नव्हतं. मी इतके रविवार त्यांच्याबरोबर हिंडलो होतो, मलाही कुणी येऊन धाकलू आहे का विचारलं असतं, तर मी नाही म्हणालो असतो. वॉचमननं खोटं काही सांगितलं नव्हतं.

"खोलीत मीच होतो," ते म्हणाले. "गेटच्या बाजूला. भिंतीच्या अलीकडं."

ते ओट्यावर बसले. इस्त्रीच्या पँटची पर्वा न करता, ओल्या जाळ्याशेजारी. मला वाटलं आता रडतील, किंवा थोरला तरी काही बोलेल. तसलं काही झालं नाही. थोरल्यानं जाळ्यात फाटलेली जागा शोधली, एक कड स्वतःच्या पायाच्या अंगठ्यात धरली आणि दुसरी यांच्याकडे सरकवली. यांनी ती दोन्ही हातांनी ताणून धरली. थोरला शिवू लागला.

बायको कोलंबी घेऊन बाहेर आली. तिनं माझ्याकडे बघितलं, मी मानेनं खुणावलं, आणि आम्ही निघालो. आम्ही गेल्याचं त्यांना कळलंही नसावं. गाइडाशिवाय निघालो, म्हणून अर्थातच चुकलो. चार जणांना विचारत, दोनदा त्याच गोठ्यापाशी येत, कोलंबीचं पाणी बुटांवर गळत असताना कसेबसे स्टेशनला पोचलो.

सोमवारी गेटवरच त्यांनी मला थांबवलं.

"काल रस्ता सापडला ना?"

"नाही."

"सरळ गेला असाल," ते म्हणाले आणि कार्डांकडे वळले. डोळे सुजलेले होते. त्या विषयावर त्यांनी पुढे काही काढलं नाही, मीही विचारलं नाही. नाशिककराला मात्र मी सगळं सांगितलं. तो बराच वेळ आपला डबा नुसता चिवडत बसला.

त्यानंतर आमचे रविवार कोळीवाड्यातूनच सुरू होऊ लागले. थोरला ओट्यावर बसलेला असे. खांबापाशी आलं, की हे नव्या माणसांना छत्रीनं दाखवून प्रामाणिकपणे सांगत, "हा पाण्याचा नळ आहे. माझ्या वडलांनी होडी बांधायला आणला होता." लगेच ओट्यावरून आवाज येई, "तोफ हाय ती, तोफ. पोर्तुगीज." माणसं गोंधळून दोघांकडे बघत. हे चिडत. "दादा, तू मध्ये बोलू नकोस," असं छापील मराठीत बजावत, आणि थोरला जाळ्यात तोंड खुपसून हसत असे. भावजय चहा घेऊन येई. चहा पिताना नळ गोदीतून आला की भंगारातून, यावर दोघांची पुन्हा जुंपे. त्याचा निकाल काही लागला नाही. लागावा असं दोघांनाही वाटत नव्हतं, असं आपलं माझं मत.

नव्वदच्या दशकात वागळे इस्टेटमधल्या कंपन्या एकेक करत बंद होऊ लागल्या. आमचीही झाली. मला पुण्याला नोकरी मिळाली. त्यांनी खडवलीला दोन खोल्या बांधल्या. ही बातमी ऐकून मला त्यांचीच काळजी वाटली. खडवली म्हणजे तेव्हा एक स्टेशन, एक रस्ता आणि नदी. या माणसानं तिथे दाखवायचं काय?

एकदा मुद्दाम गेलो. स्टेशनवर घ्यायला आले होते. इस्त्रीचा शर्ट गेला होता, अंगात नुसती बनियन आणि गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट. मी थोडं चेष्टेनं विचारलं, "इथे शिलाहार, पोर्तुगीज कुणी?"

"कोणी नाही," ते म्हणाले. "शोधून झालं."

घरी न नेता ते मला तसेच नदीवर घेऊन गेले. पाणी उथळ होतं, दगडांवरून खळखळ वाहत होतं. मध्ये एक म्हातारा पोटरीभर पाण्यात उभा राहून हातातलं जाळं फेकत होता. ठाण्याहून दोन दिवसांसाठी म्हणून आला होता, त्याला पंधरवडा होऊन गेला होता. मला बघून त्यानं तिथूनच तक्रार केली, "गोड्या पान्यातल्या म्हावऱ्याला चव नाय." आणि पुन्हा जाळं फेकलं.

हे माझ्याशेजारी दगडावर बसून ठाण्याची चौकशी करत होते. कोणत्या आळीत बिल्डिंग उठली, तलावाचं काय झालं. मी पुण्याला असतो, मला काही माहीत नाही, हे सांगूनही विचारत होते. तेवढ्यात जाळं दगडात अडकलं. थोरल्यानं ओढून बघितलं, मग वळून हाक मारली, "धाकलू."

बोलता बोलता वाक्य अर्धं टाकून ते उठले आणि पाण्यात शिरले. त्यांची ती शेवटची भेट; पुढच्या वर्षी ते गेल्याचं कळलं. मी काठावर बसून बघत राहिलो. ऊन पाण्यावर आलं होतं. दोघं म्हातारे एकाच दगडावर ओणवे होऊन, डोक्याला डोकं लावून, जाळ्याची एकेक गाठ सोडवत होते, आणि पाणी त्यांच्या पायांमधून वाहत होतं.