ओरिजिनल नाना

नानांची ओळख लोकांना आधी पायांनीच व्हायची. शर्यतीच्या सकाळी एखादा नवा गाडीवाला मैदानात उतरून "इथला मुख्य कोण?" असं विचारायचा आणि आम्ही कुठल्यातरी गाडीखालून बाहेर आलेल्या दोन पायांकडे बोट दाखवायचो. बाकीचे नाना आत तपासणीत गुंतलेले असत. पाठीखाली योगाची जुनी चटई, हातात दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा लांब दांड्याचा आरसा. आलेल्या माणसाला "गुड मॉर्निंग" म्हणायच्या आधी खालूनच प्रश्न यायचा, "हे ओरिजिनल आहे का?" टॉर्च धरायला कुणीतरी लागायचं. ते कुणीतरी बहुतेक मीच असायचे.

आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या एनिस गावातल्या आम्हा मराठी मंडळींत त्यांचं नाव ओरिजिनल नाना पडलं ते यावरूनच. चिंचवडला ट्रकच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात अर्धी हयात घालवून ते एनिसजवळच्या शॅननला वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात आले होते. मी त्याच कारखान्यात सॉफ्टवेअरच्या कामाला लागले, तेव्हा इथे भाड्याने घर मिळणं म्हणजे देव भेटण्याइतकं अवघड. नानांनी तीन आठवडे फोन करकरून मला खोली मिळवून दिली, आणि आत पाऊल टाकायच्या आधी तिचीही तपासणी केली. गणपतीत कुणाच्या घरी मोदक खाल्ला, की उकड घरची की पाकिटातली हे ते पहिल्या घासाला सांगत, तेही यजमानीणबाईंच्या तोंडावर. माणूस तिरसट नव्हता. खरं बोलल्यावर कुणी दुखावतं, हेच त्यांना आधी सुचायचं नाही.

अशा माणसाने आयर्लंडमध्ये मोटारींच्या शर्यती भरवाव्यात, याचं सगळ्यांनाच नवल वाटे. शर्यती होत्या जुन्या अमेरिकन मसल कारच्या. वरून बघाल तर कुटुंबाला घेऊन बाजारात जायची गाडी, आणि बॉनेटखाली ट्रकला पुरेल एवढं इंजिन. देशाच्या मध्यभागातल्या, विमानांच्या वापरात नसलेल्या एका धावपट्टीवर महिन्यातून एक रविवार, पाव मैल सरळ, दोन-दोन गाड्या. आधी शेजारच्या शेतकऱ्याची मेंढरं हाकलायची, मग लेंड्या झाडायच्या, मग पाऊस थांबायची वाट बघायची. बऱ्याच रविवारी पाऊस थांबायचाच नाही, आणि तीस-चाळीस माणसं फ्लास्कमधला चहा पिऊन घरी जायची. वेळ मोजायची यंत्रणा आणि सुरुवातीचे दिवे माझ्याकडे होते.

नानांचा नियम एकच होता. गाडी कारखान्यातून जशी बाहेर पडली तशीच पाहिजे. पट्टे, हेल्मेट, अग्निशामक नळकांडं चालेल, पण सांगाड्याला जोडलेला एकही जादा बोल्ट चालणार नाही. "सुधारायला पैसेवाला लागतो, जपायला माणूस लागतो," असं ते म्हणत. याच नियमामुळे साध्या माणसाची गाडीही तिथे जिंकू शकायची, आणि म्हणूनच लोक येत. पार उत्तरेकडच्या डोनेगॉलहून पहाटे निघून आलेल्या एका हॉटेलवाल्याला त्यांनी कार्बोरेटर चुकीच्या सालाचा आहे म्हणून परत पाठवलं. तो तासभर भांडला. नानांनी त्याला स्वतःच्या डब्यातलं थालीपीठ खायला घातलं, पण गाडी काही घेतली नाही.

तपासलेल्या प्रत्येक गाडीचं नानांच्या वहीत एक पान असे. कारखान्यातली सवय. आमच्याकडे जे लिहिलं नाही ते झालंच नाही असं धरतात. नाना सुवाच्य अक्षरात सगळं लिहीत, अगदी पाऊस किती वाजता सुरू झाला तेसुद्धा.

या सगळ्याच्या मागे डोनल होता. एनिसच्या बाहेर राहणारा, बस डेपोतून निवृत्त झालेला मेकॅनिक. नाना नवीन असताना त्यांची बंद पडलेली गाडी त्याने रस्त्यात दुरुस्त केली, आणि स्वतःच्या शेडमधली हिरवी मसल कार दाखवायला घेऊन गेला. नाना सांगत, "त्या दिवशी मी दोन तास त्या गाडीखाली होतो. डोनलची बायको मॉरीन, तिने चहा तिथेच खाली सरकवला." धावपट्टीसाठी शेतकऱ्याशी बोलला तो डोनल, गाडीवाले गोळा केले ते डोनलने. भारतात नानांना सख्खा भाऊ होता, पण सणावाराला आधी फोन जायचा तो डोनलला.

त्या वर्षीच्या पहिल्या शर्यतीला डोनलच्या गाडीखाली नानांना एक लोखंडी कडं दिसलं. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा एक लांब दांडा असतो. त्याचा पुढचा सांधा तुटला तर दांडा खाली पडून जमिनीत रुततो आणि अख्खी गाडी उचलली जाते. तो खाली पडू नये म्हणून त्याच्याभोवती हे कडं बसवतात. मी टॉर्च धरून बसले होते. आजूबाजूला कुणी नव्हतं, सगळे चहाच्या टेबलाकडे.

"डोनल, हे काय आहे?"

"सेफ्टीचं आहे, नाना. हिवाळ्यात बसवलं."

"कारखान्याने लावलं होतं?"

"नव्हतं लावलं. पण कारखान्यातली माणसं आता ही गाडी चालवत नाहीत, मी चालवतो."

नाना हसले, पण चटईवरून उठले नाहीत. "आज तुझं चालवून घेतलं तर त्या डोनेगॉलच्या माणसाला मी काय तोंड दाखवू? तू माझा मित्र आहेस, म्हणून तर तुला नाहीच चालणार."

मला आठवतं, मनात आलं होतं, राहू दे ना नाना. एवढंच. ओठांपर्यंत आलं आणि मी ते गिळलं.

डोनलने एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "ग्रँड," म्हणाला, इथल्या बोलीत 'ठीक आहे', आणि स्वतः गाडीखाली जाऊन चार बोल्ट काढले. नानांनी पानावर लिहिलं: जादा कडं आढळलं, काढायला लावलं, गाडी नियमात.

तिसऱ्या फेरीत सांधा तुटला. हिरवा दिवा मीच दिला होता. गाडी शंभरेक पावलं नीट गेली, मग खालून ठिणग्या उडाल्या, आणि तिची मागची बाजू वर आली. ती किती वेळा उलटली ते मी पाहिलं नाही, कारण मी नानांकडे पाहत होते. साठीला आलेले नाना त्या ओल्या काँक्रीटवरून धावत सुटले होते. डोनलने तिथेच प्राण सोडला. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत नाना त्याचा हात धरून बसले होते आणि त्याच्याशी मराठीत बोलत होते.

संध्याकाळी गाडीवाल्यांपैकी एकजण नानांना बाजूला घेऊन म्हणाला, "ते पान पावसात भिजलं असं सांग. डोनल तर काही सांगायला येणार नाही." तो माणूस वाईट नव्हता, त्याला नानांची काळजी होती. नानांनी वही कोटाच्या आत, छातीशी घातली आणि ते तिथून निघाले.

इथल्या रीतीप्रमाणे डोनलला अंत्यदर्शनासाठी घरीच ठेवलं होतं. पुढच्या खोलीत शवपेटी, स्वयंपाकघरात सँडविच आणि चहा, आणि दारापासून रस्त्यापर्यंत शेजाऱ्यापाजाऱ्यांची रांग. नानांना तिकडे घेऊन जाताना गाडी मी चालवत होते. वाटेत नानांनी एकच विचारलं, "तुझा नागरिकत्वाचा अर्ज अजून सरकारकडेच आहे ना?" मी हो म्हणाले. मला वाटलं, बोलायचं म्हणून काहीतरी बोलताहेत.

मॉरीन पेटीशेजारी खुर्चीवर बसली होती. लोक हात हातात घेऊन दोन शब्द बोलत आणि पुढे सरकत. नाना पुढे सरकले नाहीत. "मॉरीन, त्याने एक लोखंडी कडं बसवलं होतं," ते म्हणाले. "ते असतं तर तो वाचला असता. मी काढायला लावलं. माझा नियम म्हणून."

मॉरीनने पेटीच्या कडेवर हात ठेवला.

"ते कडं मी बसवायला लावलं होतं," ती म्हणाली. "सबंध हिवाळाभर मागे लागले होते मी त्याच्या." मग ती म्हणाली, "नाना, तू आता जा."

ते गेले. दफनाच्या वेळी स्मशानभूमीच्या भिंतीबाहेर, रस्त्यावर उभे राहिले. शेजारी मी उभी होते. आत बोलवायला कुणी आलं नाही.

शर्यती अपघाताच्या दिवशीच संपल्या. काही महिन्यांनी कोरोनरपुढे, म्हणजे अपघाती मृत्यूंचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे, चौकशी झाली आणि नानांचा जबाब वाचून दाखवला गेला. त्यात सगळं होतं, वेळ, हवामान, बोल्टांची संख्या, डोनलचं प्रत्येक वाक्य. आणि एक ओळ अशी होती: तपासणीच्या वेळी गाडीजवळ मी आणि डोनल असे दोघेच होतो.

मी मागच्या बाकावर होते. उठून उभं राहायला हवं होतं. मी बसून राहिले. माझा अर्ज अजून सरकारकडे होता, आणि चौकशीत नाव आलं तर तो अडकेल याची भीती होती. निकाल अपघाती मृत्यू असा आला. कायद्याने नानांना मोकळं केलं, पण त्याचा त्यांना काही उपयोग झाला नाही.

वर्षअखेरीला ते नोकरी सोडून चिंचवडला परत गेले. विमानतळावर सोडायला मी गेले होते. रांगेत उभे असताना शेवटी मी म्हणाले, "नाना, तुम्ही जबाबात खोटं लिहिलंत."

"एकच ओळ," ते म्हणाले. "काढायला मी लावलं. तू कशाला त्यात?" मग माझ्या बॅगेची चेन उघडी राहिली होती, ती त्यांनी ओढून लावली, आणि ते आत गेले. पुढच्या पावसाळ्यात ते वारल्याचा फोन आला. झोपेत गेले म्हणे. मला त्यांच्या अंत्यविधीलाही जाता आलं नाही.

नागरिकत्वाचं पत्र त्यानंतर आलं. त्याच आठवड्यात मी मॉरीनकडे गेले. तिने चहा केला. नाना गेल्याचं सांगितलं तेव्हा तिने छातीवर क्रूसाची खूण केली. मग मी तिला सांगितलं की त्या सकाळी तिथे दोघं नव्हते, तिघं होतो, टॉर्च माझ्या हातात होता, आणि ते कडं राहू द्यावं असं मला वाटलं होतं.

ती रागावली नाही. तिला खरंच कळत नव्हतं. "वाटलं होतं, मग बोलली का नाहीस?" तिने विचारलं.

नाना मोठे होते. ज्यांनी मला या देशात डोक्यावर छप्पर दिलं, त्यांना त्यांच्याच मैदानात, त्यांच्या मित्रासमोर, तुमचं चुकतंय असं मी कशी म्हणणार होते? आमच्यात मोठ्यांना असं नाही म्हणत. हे वाक्य मी मनात दोनदा जुळवलं. पण समोर मॉरीन होती, आणि तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. ते वाक्य मी चहाबरोबर गिळलं.