आईच्या पायांची ओढ

माझ्या लग्नात मला हळद लावायला आई पुढे झाली, तेव्हा मोठ्या काकांनी तिला भर मांडवात अडवलं. वडील जाऊन वर्षही झालं नव्हतं. काकांना सगळे आबा म्हणत आणि दोंडाईच्याच्या त्या घरात त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नसे.

"ऊठ आठून," ते आईला म्हणाले. "हळदले तुना हात नको."

आईने वाटी खाली ठेवली आणि मागे गोठ्यात जाऊन बसली. मी पाटावर होते. तेव्हापासून आबांचं वाईट व्हावं असं मला वाटत आलं, आणि त्याची लाज कधी वाटली नाही.

नव्वद सालानंतर आईला कंपवात झाला. मी तिला जळगावला माझ्याकडे आणलं. हात थरथरत, ते एक वेळ चालून जाई. पण उंबऱ्याशी आली की तिचे पाय जमिनीला चिकटत. डॉक्टरांनी मला नीट समजावलं. मेंदूत खोलवर काही पेशी असतात. माणसाला काही हवंसं वाटलं की त्याकडे जायला त्याच शरीराला उठवतात. आईच्या त्या पेशी मरत चालल्या होत्या. मन होतं, पायांत बळही होतं, दोघांना जोडणारंच तुटत होतं. गोळ्यांनी थोडा फरक पडेल, म्हणाले. ओढ फार जबर असली तर असा माणूस कधी कधी एकदम चालायलाही लागतो, असंही म्हणाले.

मग मी ओढ लावून पाहिली. गरम जिलबी समोर ठेवली. नातवाला पलीकडून हात पसरायला लावले. आई हसायची, हलायची नाही.

एका दुपारी आबाच दारात उभे. काकू वारल्या होत्या. त्यांची धाकटी मुलगी लहान वयात विधवा झाली होती, तिचं दुसरं लग्न ठरलं होतं. पहिली हळद माझ्या आईनेच लावायची, नाहीतर आपण पाटावर बसणार नाही, असं तिने बापाला बजावलं होतं. आबा मान खाली घालून हे सांगत होते. मी नाही म्हणणार, तेवढ्यात आई म्हणाली, "मी येसू."

जीपने नेलं तिला. मांडवाच्या तोंडाशी पाय अडलेच. समोर पाटाला लागून आबा बसले होते. आईने त्यांच्याकडे पाहिलं, माझा हात सोडला आणि निघाली. न अडखळता, सरळ. मुलीच्या गालांना हळद लावली, मग आबांकडे वळली.

"आबा, उठा आठून. तुम्ही बी एकलाच शेतस."

जोडीदार गेलेले तेही होतेच, तिच्यासारखे. मुलीने पदर आवरून त्यांना वाट दिली. आबा गुडघ्यावर हात टेकून उठले आणि गर्दीतून वाट काढत मागे गेले. ते दिसेनासे होईपर्यंत मी पाहत राहिले. पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

परत आल्यावर आईला जीपमधून उचलूनच उतरवावं लागलं. नंतर ती फारशी चालली नाही. पण संध्याकाळी मला जवळ बसवून विचारायची, आबा उठले तेव्हा त्यांचं तोंड कसं झालं होतं? मी सांगायचे, दर वेळी जरा वाढवून. ऐकताना तिचे पाय गोधडीखाली हलायचे.