बैलाला सांगितलेली पाळी

आमचा भाग अजून आंध्रात होता तेव्हाची गोष्ट. मुधोळजवळच्या आमच्या शिवारातली डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, एकाच हंगामात दुसऱ्यांदा जळाली तेव्हा गहू पोटरीत आला होता. नवी बसवताना लाइनमन बजावून गेला, "फिर जला तो गेहूँ भूल जाओ."

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. विहिरी वाढल्या, मोटारी बारा झाल्या आणि प्रत्येकीला 'ऑटो' लावलेला. लाइन आली की शेतात माणूस नसला तरी ही डबी मोटार चालू करायची. बाराच्या बारा एकदम उठायच्या आणि डीपीचा जीव जायचा. तरी प्रत्येकाला वाटायचं, ऑटो शेजाऱ्याने काढावा. मला या शहाणपणाची चीड आली. सामाईक विहिरीला आजोबांपासून पाळी आहे, मग लाइनीला का नको? आधी सहा मोटारी, मग सहा. दुसऱ्या दिवशी उलट. ऑटो सगळे आमच्या कणगीत ठेवायचे.

घरधनी बाजारहत्नूरला मास्तर, त्यामुळे शेती मी आणि भासरे, म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, बघायचो. भासऱ्यांशी थेट बोलायची आमच्यात रीत नव्हती. मी पदर पुढे ओढला आणि बैलाला म्हणाले, "सांग तुया धन्याले, पयला ऑटो आपलाच काढाचा."

भासरेही बैलालाच म्हणाले, "आपलाच काऊन?"

"मी बोलून राह्यले म्हून."

आमचा निघाल्यावर कोणाला तोंड राहिलं नाही. दारोदार फिरून मी अकरा डब्या आणल्या.

पहिल्या दिवशी आमची पाळी नंतरची होती. लाइन जाईल म्हणून भासऱ्यांचा जीव खालीवर. "चालू कर म्हना तिले," ते बैलावर ओरडले. स्टार्टरच्या पेटीची किल्ली माझ्या कमरेला होती. मी दिली नाही. पहिल्या सहांचं होईतो लाइन गेली आणि आमचा वाफा कोरडाच राहिला. घरी येऊन मी रडले.

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी आमची. मी बटण दाबलं. एरवी कण्हत उठणारी मोटार झटक्यात उठली आणि पाइपाच्या तोंडाशी गळणारं पाणी हातभर लांब जाऊन पडलं. दिवसभरात भिजत नसे तेवढा गहू दुपारपर्यंत भिजला.

भासरे बराच वेळ पाण्यात पाय घालून उभे होते. मग कापसाच्या पऱ्हाटीच्या ढिगाखालून त्यांनी चिंधीत गुंडाळलेला दुसरा ऑटो काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

"हा बी ठेव कणगीत."

बैल तेव्हा लांब बांधावर चरत होता.